विमानाने अप-डाऊन: केबिन क्रूच्या परस्पर प्रवास सवलतीविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांतली बरीचशी एकाच विषयावरची आहेत. एका गावात घर, दुसऱ्या गावात बेस (ड्यूटी जिथून सुरू होते तो विमानतळ) आणि मधले अंतर विमानाने कापणारे फ्लाइट अटेंडंट. आपल्या सभासदांना दुसऱ्या कंपनीच्या विमानातूनही फुकट जाता यावे, म्हणून अमेरिकेतल्या युनियन कंपन्या-कंपन्यांत परस्पर करार घडवून आणायच्या मागे असतात. पत्रे मुख्यतः तिथलीच आहेत, शिवाय टोरांटो, लंडन आणि नागपूरचे एकेक. उत्तरेही अमेरिकेतल्या नियमांना धरून दिली आहेत. जिथे दुसऱ्या देशाची गोष्ट आहे तिथे तसे म्हटले आहे.

प्रश्न: माझी मुलगी फ्लाइट अटेंडंट म्हणून लागली. आम्ही एडिसनला राहतो, तिला बेस मिळाला शिकागो. घर सोडत नाही, नेवार्कहून अप-डाऊन करीन म्हणते. नोकरी विमान कंपनीतच, प्रवास फुकट. मग युनियनवाले दुसऱ्या कंपन्यांशी करार करा म्हणून का मागे लागले आहेत? (एक आई, एडिसन, न्यू जर्सी)

प्रवास फुकट असतो, पण जागेची हमी नसते. तुमची मुलगी स्वतःच्या कंपनीच्या विमानात स्टँडबाय म्हणून, म्हणजे जागा उरली तरच, जाणार. आधी तिकीटवाले, मग आधीचे विमान चुकलेले तिकीटवाले, मग कंपनीचे कर्मचारी. कर्मचाऱ्यांतही कुठे नोकरीच्या ज्येष्ठतेने क्रम लागतो, कुठे आधी चेक-इन करणाऱ्याला आधी. ज्येष्ठतेचा क्रम असेल तर नवी मुलगी यादीच्या तळाशी.

समजा तिचे रिपोर्टिंग सोमवारी पहाटे आहे. म्हणजे रविवारी संध्याकाळी निघायला हवे, आणि नेमकी तीच वेळ आठवड्याच्या कामाला निघालेल्या प्रवाशांची. तिच्या कंपनीची त्या संध्याकाळी तीन विमाने आहेत, तिन्ही भरलेली. शेजारच्या टर्मिनलवरून दुसऱ्या कंपनीची तीन जातात, त्यातल्या एकात चार जागा रिकाम्या. करार नसेल तर त्या चार जागांचा तिला उपयोग नाही, पूर्ण भाड्याचे तिकीट काढावे लागेल. करार असेल तर ओळखपत्र दाखवून बसता येते. एसटीच्या कंडक्टरला बेस्टच्या बसमध्ये आणि बेस्टच्या कंडक्टरला एसटीत ओळखपत्रावर बसू द्यावे, असा हा मामला आहे. फरक इतकाच की इथे बस चुकली तर नोकरीवर बालंट येते.

हा प्रवास ड्यूटीत धरत नाहीत, त्याचे पैसे नाहीत, आणि पोहोचण्याची जबाबदारी सर्वस्वी तिची. फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने ऑक्टोबर २०२२ मध्ये फ्लाइट अटेंडंटची दोन ड्यूट्यांमधली किमान विश्रांती ९ तासांवरून १० तासांवर नेली. तिने घरून बेसला यायला घालवलेले तास त्या १० तासांतूनच जातात.

पहिल्या वर्षाबद्दल एक स्पष्ट सांगायला हवे. नव्या मुलांना बहुधा रिझर्व्हवर ठेवतात. फोन आला की ठरलेल्या मुदतीत, बहुतेक ठिकाणी दोन-तीन तासांत, विमानतळावर हजर. एडिसनमध्ये बसून शिकागोचा रिझर्व्ह करता येत नाही, करार कितीही असोत. त्या दिवसांत तिला शिकागोच्या ओहेअर विमानतळाजवळ क्रॅशपॅडमध्ये राहावेच लागेल. क्रॅशपॅड म्हणजे अनेक क्रूंनी मिळून भाड्याने घेतलेले घर. तिथे ‘हॉट बेड’ स्वस्त पडतो, पण रिकामा असेल त्या पलंगावर झोपायचे आणि चादर आपली आणायची. ‘कोल्ड बेड’ महाग, पण पलंग कायमचा तिचा. पहिल्या वर्षी कोल्ड बेड घ्यावा असे आमचे मत. पाच दिवसांच्या रिझर्व्हमध्ये झोपेची काटकसर परवडत नाही. आणि तिच्या कंपनीचा नेवार्कला बेस असेल तर बदलीचा अर्ज पहिल्याच दिवशी टाकून ठेवावा.

प्रश्न: जंपसीट म्हणजे नेमकी कोणती जागा? पायलट लोक कुठल्याही कंपनीच्या विमानातून सहज जातात, फ्लाइट अटेंडंटचे इतके अडते कुठे? (एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

जंपसीट दोन प्रकारच्या. एक कॉकपिटमध्ये पायलटांच्या मागे असते. दुसरी केबिनमध्ये, दारांजवळ, घडी घालून भिंतीला लागणारी. टेकऑफ आणि लँडिंगला क्रू बसतो ती. फ्लाइट अटेंडंटचा संबंध दुसरीशी.

पायलटांचे जमले याचे कारण त्यांच्याकडे ओळख पटवण्याची व्यवस्था आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर दुसऱ्या कंपनीच्या पायलटला कॉकपिटमध्ये घेणे बंद झाले होते. पुढे कॉकपिट अ‍ॅक्सेस सिक्युरिटी सिस्टिम, म्हणजे ‘कॅस’, आली आणि दारे पुन्हा उघडली. गेटवरचा एजंट नाव आणि कर्मचारी क्रमांक टाकतो, पडद्यावर फोटो येतो, आणि हा माणूस आज, या क्षणी, त्या कंपनीत नोकरीला आहे की नाही ते कळते. सगळा भर ‘आज’ या शब्दावर आहे. ७ डिसेंबर १९८७ रोजी नोकरीवरून काढलेला एक कर्मचारी परत न घेतलेल्या ओळखपत्राच्या जोरावर बंदूक घेऊन पॅसिफिक साउथवेस्टच्या विमान क्रमांक १७७१ मध्ये चढला. ४३ जण गेले. १९९४ मध्ये फेडेक्सच्या विमान क्रमांक ७०५ वर हल्ला करणारा तर कंपनीचाच, जंपसीटवर बसून आलेला कर्मचारी होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये होरायझनच्या विमानात कॉकपिटच्या जंपसीटवर बसलेल्या, ड्यूटीवर नसलेल्या पायलटने इंजिनांचे आग विझवण्याचे हँडल ओढायचा प्रयत्न केला. सुरक्षा विभागाचे लोक ‘बघू’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात ही यादी असते.

‘नोन क्रूमेंबर’ योजनेत २०१२ पासून फ्लाइट अटेंडंटही आले, आणि पुढे तिची जागा ‘क्रूमेंबर अ‍ॅक्सेस पॉइंट’ने घ्यायला सुरुवात केली. अनेकांची समजूत होते की तिथे नाव आले म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसता येईल. तसे नाही. ती सुरक्षा तपासणीची रांग आहे, विमानाच्या दाराशी तिचा काही संबंध नाही.

आता जागांचा हिशेब. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे १०० पर्यंत आसनांच्या विमानाला दोन फ्लाइट अटेंडंट (अगदी लहान, ५० आसनांच्या विमानाला एकच), १०१ ते १५० ला तीन, १५१ ते २०० ला चार, आणि पुढे दर ५० आसनांमागे एक. १७० आसनांच्या विमानात चार जंपसीट क्रूच्या झाल्या. त्यापलीकडे बसवलेल्या एक-दोन असतील तर तेवढ्याच अप-डाऊनवाल्यांच्या वाट्याला. त्यातही पहिला हक्क त्या कंपनीच्या स्वतःच्या क्रूचा. ५० आसनांच्या जेटमध्ये जास्तीची जंपसीट मिळेल ही आशाच धरू नये.

शिवाय या जागा आणीबाणीच्या दारांजवळच असाव्यात असा विमानबांधणीचा नियम आहे. त्यामुळे तिथे बसणाऱ्याला ते दार उघडता येते का, त्या प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षण झाले आहे का, हा प्रश्न लगेच येतो. बोइंग ७३७ वर शिकलेल्याला एअरबस ए३२० चे दार कसे चालते ते सांगूनच बसवावे लागते. कोणाला बसवायचे हे प्रत्येक कंपनी आपल्या मंजूर नियमपुस्तिकेत लिहिते, आणि ती पुस्तिका बदलणे हे सहा महिन्यांचेही काम होऊन बसते.

म्हणून पुष्कळ कंपन्या सोपी वाट काढतात: करार करतात, पण फक्त रिकाम्या प्रवासी आसनापुरता. कागदावर नाव मात्र ‘परस्पर जंपसीट करार’. आमच्या मते सभासदांनी इथे नीट वाचावे. रिकाम्या आसनाचा करार फेब्रुवारीतल्या मंगळवारी कामाचा. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी रिकामे आसनच नसते. प्रत्यक्ष जंपसीट ही विमान भरल्यावरही उरणारी जागा आहे. तिची किंमत म्हणूनच जास्त, आणि ती मिळवायला भांडण मोठे.

प्रश्न: मी एका छोट्या रिजनल (लहान गावांना जोडणाऱ्या) विमान कंपनीत आहे. युनियनच्या जंपसीट समितीवर माझे नाव घातले गेले आहे. सुरुवात कुठून करू? असा करार युनियनने कसा मिळवायचा? (एक सभासद, डॅलस)

पहिली गोष्ट: हा करार दोन कंपन्यांमध्ये होतो. युनियन त्याची पक्षकार नसते, तिला फक्त तो घडवून आणायचा असतो. म्हणून तुमचे काम दोन आघाड्यांवर चालेल. एक, स्वतःच्या कंपनीला हलवणे. दुसरी, समोरच्या कंपनीतल्या युनियनला त्यांची कंपनी हलवायला लावणे. असोसिएशन ऑफ फ्लाइट अटेंडंट्सचे वीसेक कंपन्यांत मिळून ५० हजारांहून जास्त सभासद आहेत, त्यामुळे दोन्हीकडे तीच संघटना असली तर फोन एकच करावा लागतो. अमेरिकन एअरलाइन्समध्ये असोसिएशन ऑफ प्रोफेशनल फ्लाइट अटेंडंट्स ही वेगळी संघटना आहे, साउथवेस्टमध्ये ट्रान्सपोर्ट वर्कर्स युनियनची शाखा ५५६. डेल्टाच्या फ्लाइट अटेंडंटची युनियन नाही. २००२, २००८ आणि २०१० च्या मतदानात ती होऊ शकली नाही. तिथे थेट व्यवस्थापनाचेच दार ठोठवावे लागते.

कागद हातात घेण्याआधी आकडे गोळा करा. सभासदांकडून तीनच गोष्टी मागा: घराजवळचा विमानतळ, बेस, आणि गेल्या तीन महिन्यांत जागा न मिळाल्याने किती विमाने सोडावी लागली. या तीन महिन्यांत एक तरी गर्दीचा मोसम यायला हवा, नाहीतर व्यवस्थापन म्हणेल अडचण कुठे दिसतच नाही. घर-बेस अशा जोड्या लावा. सभासदांपैकी निम्मे-अधिक चार-पाच जोड्यांतच निघतील. मग त्या जोड्यांवर आपली विमाने किती आणि इतर कोणाची किती, हे मांडा. करार कोणाशी हवा याचे उत्तर तिथेच मिळते. मोठ्या नावाच्या कंपनीमागे धावण्यापेक्षा त्या मार्गावर दिवसाला सहा फेऱ्या करणारी मध्यम कंपनी उपयोगाची.

मग तुमच्याकडे देण्यासारखे काय आहे ते पाहा. छोट्या कंपनीचे इथेच चुकते. मागणी तयार असते, देणे तयार नसते. तुमची विमाने अशा लहान गावांना जात असतील जिथे दुसरी कोणतीच जात नाही, तर त्या गावांत राहणारे मोठ्या कंपन्यांचे क्रू तुमच्यावरच अवलंबून आहेत. त्यांची संख्या त्यांच्या युनियनकडून मागवा. हे तुमचे भांडवल.

आपल्या व्यवस्थापनाकडे जाताना एका विभागाशी बोलून थांबू नका. इनफ्लाइट विभाग, म्हणजे केबिन क्रूचा विभाग, ‘हो’ म्हणेल; तिथले बरेचसे लोक स्वतः क्रू होते. अडेल ते सुरक्षा विभागात, कर सल्लागाराकडे, आणि सर्वांत जास्त विमानतळावरच्या ग्राहकसेवा विभागात, कारण गेट त्यांच्या ताब्यात. चेक-इनच्या संगणकात ‘दुसऱ्या कंपनीचा फ्लाइट अटेंडंट’ असा प्रवासी-प्रकारच नसेल, तर करार होऊनही एजंट हात वर करतो. तो प्रकार संगणकात घालणे, एजंटांना एका पानाची सूचना देणे आणि कर्मचारी पडताळणीचा दुवा जोडणे ही तीन कामे झाल्याशिवाय अंमलाची तारीख जाहीर करू देऊ नका.

कराची गोष्ट सभासदांना कंटाळवाणी वाटते, पण व्यवस्थापनाचा वकील पहिल्यांदा तीच विचारतो. अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्याचे कलम १३२ अशी मोफत सेवा कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरत नाही. दुसऱ्या कंपनीकडून मिळालेली सेवाही त्यात बसते, पण दोन अटींवर: दोन्ही मालकांत लेखी करार हवा, आणि सेवा देणाऱ्याला ठळक जास्तीचा खर्च येता कामा नये; बुडालेले उत्पन्नही या खर्चात धरले जाते. म्हणूनच सगळी सवलत ‘जागा उरली तर’ अशी असते. आरक्षित जागा मागितलीत की हा आधार निसटतो. तोंडी सामंजस्य, विमानतळावरच्या दोन कंपन्यांच्या मॅनेजरांची मैत्री, असल्या व्यवस्था काही विमानतळांवर चालतात. त्या कराच्या दृष्टीने कच्च्या आणि मॅनेजर बदलला की संपतात.

पायलटांच्या युनियनशी आधीच बोला. दोन कारणे. विमानात कोणाला घ्यायचे यात कॅप्टनचा शब्द शेवटचा असतो. आणि जंपसीटवर आलेल्या पायलटांना केबिनमध्ये आसन रिकामे असले तर तिथे बसवतात. तुमचा करार झाला की त्या आसनांसाठी आणखी एक रांग उभी राहते. क्रम आधीच लिहिला नाही तर भांडण गेटवर होते, आणि तेही प्रवाशांसमोर.

करारात काय काय स्पष्ट हवे? जागा कोणती: फक्त आसन की जंपसीटही. पात्र कोण: सहसा नोकरीत हजर असलेला फ्लाइट अटेंडंट, एकटा, कुटुंब यात येत नाही. देशांतर्गत मार्ग की परदेशीही. बहुतेक करार देशांतर्गतच थांबतात, कारण परदेशी उड्डाणात प्रवासी यादी आणि कागदपत्रांचे नियम आड येतात. दोन्ही कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांचा क्रम. एका विमानात जास्तीत जास्त किती जण. पडताळणी कशाने. रद्द करायची झाल्यास किती दिवसांची पूर्वसूचना. आणि विलीनीकरण झाले तर करार पुढच्या कंपनीला लागू राहील की नाही. हे शेवटचे वाक्य हमखास विसरले जाते आणि मग विलीनीकरणाच्या दिवशी सगळे स्टँडबायवाले गेटवर अडकतात. रिजनल विमान मोठ्या कंपनीच्या रंगात उडत असले तरी परवाना रिजनल कंपनीचा असतो; मोठ्या कंपनीशी झालेला करार तिच्या विमानांना आपोआप लागू होतो असे समजू नका, प्रत्येक चालक कंपनीचे नाव करारात घालून घ्या.

राहिला तुमच्या स्वतःच्या सामूहिक करारातला, म्हणजे युनियन आणि तुमची कंपनी यांच्यातल्या करारातला, मजकूर. ‘कंपनी परस्पर करारांसाठी वाजवी प्रयत्न करील’ असे वाक्य पुष्कळ ठिकाणी असते. ते असून नसून सारखे. प्रयत्न केला नाही हे लवादापुढे सिद्ध करणे फार अवघड. त्याऐवजी असे मागा: संघटनेने कंपनीचे नाव लेखी सुचवल्यावर ३० दिवसांत त्या कंपनीला लेखी विचारणा जाईल, तिची प्रत संघटनेला मिळेल, उत्तर आल्यावर १० दिवसांत ते कळवले जाईल, आणि नकार आपल्या कंपनीचा असेल तर कारण लिहून द्यावे लागेल. यातले काहीही समोरच्या कंपनीला बांधत नाही, पण तुमच्या कंपनीला बांधते, आणि मुदत पाळली नाही तर तक्रार उभी राहते. मोठ्या वाटाघाटींची वाट पाहत बसू नका. १९२६ चा रेल्वे लेबर अ‍ॅक्ट १९३६ पासून विमान कंपन्यांनाही लागू आहे, आणि त्याखालचे करार संपत नाहीत, फक्त ‘दुरुस्तीयोग्य’ होतात. नव्या कराराला वर्षे लागतात. मधल्या काळात पूरक पत्राने हे कलम घालता येते. खर्च जवळपास शून्य असल्याने व्यवस्थापनही अशा वेळी फारसे ताणत नाही.

एक आक्षेप येणार हे धरून चला: लांबून अप-डाऊन केले की थकवा येतो, आणि तुम्ही तेच सोपे करताय. फेब्रुवारी २००९ मध्ये बफलोजवळ कोलगनचे विमान क्रमांक ३४०७ कोसळून ५० जण गेले. त्यातली सहवैमानिक सिॲटलहून मेम्फिसमार्गे रात्रभर प्रवास करून नेवार्कला आली होती. तेव्हापासून अप-डाऊन हा शब्द व्यवस्थापनाच्या कानाला खटकतो. याला उत्तर आहे. माणूस रात्रीच्या शेवटच्या विमानाने ओढाताण करत येतो तो पर्याय नसतो म्हणून. पर्याय वाढले की आदल्या दुपारीच निघता येते.

प्रश्न: झेड फेअर असताना जंपसीट करार कशाला हवा? (एक वाचक, टोरांटो)

झेड फेअर, म्हणजे अंतराच्या पट्ट्यांनुसार ठरलेले कर्मचारी-सवलतीचे भाडे, सुट्टीच्या प्रवासाला उत्तम. घरच्यांनाही चालते. पण तिकीट आधी काढावे लागते, प्रत्येक वेळी पैसे आणि कर भरावे लागतात, विमान चुकले तर परतावा मागत बसावे लागते, आणि जागा शेवटी स्टँडबायच. महिन्यातून चार वेळा जाऊन-येऊन म्हणजे आठ तिकिटे. सुरुवातीच्या पगारात ते झेपत नाही. भरलेल्या विमानात जंपसीटवर बसवायची सोय तर झेडमध्ये नाहीच.

प्रश्न: आमच्या कंपनीचा करार आहे, तरी गेटवर दोनदा नकार मिळाला. एकदा तर विमानात चार आसने रिकामी दिसत होती. तक्रार कोणाकडे करायची? (एक फ्लाइट अटेंडंट, अटलांटा)

आधी नकाराचे कारण शोधा, कारण चारपैकी तीन कारणांत तक्रारीला अर्थ नसतो. रिकामी आसने दिसूनही नकार मिळतो तो बहुधा वजनामुळे. उन्हाळ्यात उंचावरच्या धावपट्टीवरून उडताना किंवा हिवाळ्यात पर्यायी विमानतळासाठी जास्त इंधन भरलेले असताना विमानाला ठरावीक वजनच नेता येते. आसने रिकामी राहतात ती मुद्दाम. लहान जेटमध्ये हे फार होते. दुसरे कारण उशीर: स्टँडबाय यादी बंद झाल्यावर नाव घालता येत नाही, बोर्डिंग सुरू होण्याआधी गेटवर हजर राहणे हाच उपाय. तिसरे कारण पडताळणी न लागणे: नुकतीच रजा संपली, नाव बदलले, ओळखपत्र नवे झाले आणि कर्मचारी नोंद अद्ययावत झाली नाही. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पासपोर्ट, ओळखपत्र आणि कर्मचारी नोंद या तिन्हींत नाव एकच हवे.

चौथे कारण, एजंटला करारच माहीत नसणे. इथे वाद घालू नका. कराराच्या सूचनेचे पान फोनवर ठेवा, शांतपणे दाखवा, सुपरवायझरला बोलावता येईल का एवढे विचारा. नाहीच म्हटले तर विमान क्रमांक, तारीख, गेट आणि वेळ टिपून स्वतःच्या युनियनच्या जंपसीट समितीला कळवा. ती समोरच्या समितीशी बोलते. समोरच्या कंपनीच्या ग्राहकसेवेला किंवा समाजमाध्यमावर तक्रार मुळीच नको. ही पाहुणचाराची जागा आहे. एकाच्या आरडाओरड्याने साऱ्या कंपनीची सवलत स्थगित होऊ शकते.

बसायला मिळाल्यावरचे शिष्टाचार त्याच कारणाने कडक. आत शिरताना क्रूप्रमुखाला आपली ओळख द्यायची, कॅप्टनला परवानगी विचारायची. कपडे नीटनेटके. जंपसीटवर बसलात तर मद्य नाही, कानात हेडफोन नाहीत, आणि दाराची माहिती ऐकून घ्यायची. वरच्या वर्गातली जागा स्वतःहून मागायची नाही. बॅग मोठी असेल तर गेटवरच द्या. प्रवाशांच्या सामानाची जागा अडवणारा अप-डाऊनवाला कोणालाच आवडत नाही.

प्रश्न: दोन विमाने चुकली आणि ड्यूटीवर पोहोचता आले नाही, तर कारवाई होते का? (एक वाचक, ह्यूस्टन)

तुमच्या सामूहिक करारात कम्युटर कलम, म्हणजे अप-डाऊन करणाऱ्यांना सूट देणारे कलम, आहे का ते पाहा. सर्वसाधारण साचा असा: रिपोर्टिंगच्या आधी पोहोचणाऱ्या दोन विमानांत तुमचे नाव लावलेले हवे, नाव लावताना त्यांत जागा दिसत असायला हवी, आणि पहिले चुकताच शेड्यूलिंगला फोन केलेला हवा. हे पाळले तर हजेरीचे गुण जात नाहीत. त्या फेरीचे पैसे मात्र बहुतेक ठिकाणी जातात, आणि वर्षात ही सूट किती वेळा घ्यायची यालाही मर्यादा असते. पुरावा तुम्हीच ठेवायचा. नाव लावताना आणि विमान सुटताना, दोन्ही वेळी स्टँडबाय यादीचा स्क्रीनशॉट घ्या.

यात एक फट आहे. पुष्कळ कलमांत ‘कंपनीची दोन विमाने’ असे लिहिलेले असते. मग परस्पर कराराने दुसऱ्या कंपनीचे विमान मिळाले, पण ते रद्द झाले, तर ते दोनांत धरले जात नाही. करार मिळवणाऱ्या युनियनने त्याच वेळी हे कलमही बदलून घ्यावे, नाहीतर सभासद जोखीम नको म्हणून दुसऱ्या कंपनीकडे वळतच नाहीत.

प्रश्न: संपावर गेले तर प्रवास सवलत काढून घेता येते का? (एक वाचक, लंडन)

ब्रिटनमध्ये हे घडलेले आहे. २०१० मध्ये युनाइट युनियनच्या झेंड्याखाली ब्रिटिश एअरवेजचा केबिन क्रू संपावर गेला, तेव्हा संपकऱ्यांची प्रवास सवलत कंपनीने काढून घेतली. कंपनीचे म्हणणे होते की सवलत हा कराराचा हक्क नाही, कंपनीची मर्जी आहे. लांबून येणाऱ्या क्रूला याचा फटका सर्वांत जास्त. त्यांची नोकरीच त्या सवलतीवर उभी असते. मूळ वाद खर्चकपातीचा होता, पण पुढे सवलत परत मिळवणे हाच भांडणाचा मोठा मुद्दा झाला, आणि मे २०११ मध्ये तडजोड झाली तेव्हा ती परत देण्याचे त्यात आले.

म्हणून सवलत कुठे लिहिली आहे ते पाहावे. कर्मचारी धोरणाच्या पुस्तिकेत असेल तर मालक ती बदलू शकतो. सामूहिक करारात असेल तर बदलायला युनियनची संमती लागते. परस्पर जंपसीट बहुधा तिसऱ्याच ठिकाणी, दोन कंपन्यांच्या कागदावर असते, आणि संपाच्या दिवसांत दुसरी कंपनी तो कागद थांबवू शकते. संपाआधी क्रूने बेसवर पोहोचून राहावे की घरी, याचा विचार युनियनने आधीच करून ठेवायला हवा.

प्रश्न: माझा मुलगा भारतातल्या कंपनीत केबिन क्रू आहे, बेस मुंबई. आम्ही नागपूरला. इथे असे काही आहे का? (एक वडील, नागपूर)

अमेरिकेसारखी, युनियनने मागून घेतलेली परस्पर जंपसीटची पद्धत भारतात रुजलेली नाही. मुलाला स्वतःच्या कंपनीची कर्मचारी सवलत आणि करार असतील तिथे झेड भाडे, एवढ्यावरच हिशेब धरा. नागपूर-मुंबई मार्गावर त्याच्या कंपनीच्या फेऱ्या किती, त्यातल्या रात्रीच्या किती, हे आधी पाहावे. सुट्टीच्या दिवशी घरी येणे जमेल. ड्यूटीच्या आदल्या रात्री नागपूरहून निघणे धोक्याचे, कारण चुकल्यास दुसऱ्या कंपनीचे पूर्ण भाडे द्यावे लागेल आणि आपल्याकडे कम्युटर कलमाचे संरक्षणही सहसा नसते. युरोपातल्या विमान सुरक्षा संस्थेच्या मार्गदर्शनात घर ते बेस प्रवास नेहमीच ९० मिनिटांहून जास्त होत असेल तर बेसजवळ तात्पुरती राहण्याची सोय पाहावी असे म्हटले आहे. ते इथे बंधनकारक नाही, पण मापदंड म्हणून चांगले आहे. अंधेरी, मरोळ, विलेपार्ले या भागांत क्रू मिळून घरे घेतात. तिथे एक पलंग घेऊन नागपूर सुट्टीपुरते ठेवावे.

आखाती कंपन्यांत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. एमिरेट्ससारखी कंपनी दुबईत क्रूला राहायला घरच देते, त्यामुळे रोजच्या अप-डाऊनचा विषयच निघत नाही.

प्रश्न: बेस एका राज्यात, घर दुसऱ्या. राज्याचा प्राप्तिकर कुठे भरायचा? (एक वाचक, टॅम्पा)

फेडरल कायद्याने विमान कर्मचाऱ्याच्या पगारावर दोनच राज्यांना कर घेता येतो: जिथे तो राहतो ते, आणि जिथे त्याच्या पगाराचा निम्म्याहून जास्त भाग कमावला जातो ते. उड्डाणे अनेक राज्यांत विखुरलेली असल्याने दुसरी अट क्वचितच लागू होते. फ्लोरिडात पगारावर राज्याचा कर नाही, टेक्सासमध्येही नाही. बेस न्यूयॉर्क आणि घर टॅम्पा असणारे इतके जण दिसतात त्याचे हेही एक कारण. मात्र निवास खरा हवा. वाहन परवाना, मतदार नोंद, घराचे भाडेपत्र त्या राज्याचे असू द्या, आणि कंपनीकडे दिलेला पत्ता तोच आहे ना, हे जानेवारीत वेतनाचा वार्षिक दाखला आला की लगेच तपासा.